वस्तूंना सजीव करणारा मंत्र खेळात कसा वापरावा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या (फासे टाकून टेबलाभोवती खेळायच्या भूमिका-खेळाच्या) पाचव्या आवृत्तीत, २०१४ च्या नियमांप्रमाणे, ‘अ‍ॅनिमेट ऑब्जेक्ट्स’ हा पाचव्या पातळीचा मंत्र आहे. तो प्रभावी आहेच, पण तयारीशिवाय वापरल्यास एकाच खेळाडूची पाळी संपता संपत नाही आणि बाकीचे ताटकळत बसतात. म्हणून पुढची तयारी मी आवश्यक मानतो.

प्रथम वस्तू निवडाव्यात. त्या १२० फुटांच्या आत असाव्यात, जादुई नसाव्यात आणि कोणाच्या अंगावर किंवा हातात नसाव्यात. थैलीतली नाणी वापरायची असतील, तर थैली आधी जमिनीवर रिकामी करावी.

नंतर हिशोब करावा. एकूण दहा वस्तू सजीव होतात, मात्र मध्यम आकाराची वस्तू दोन, मोठी चार आणि प्रचंड आकाराची आठ वस्तूंइतकी धरली जाते. मोठी वस्तू घेण्याचा मोह होतो, पण आकडे वेगळेच सांगतात. नाण्याएवढ्या वस्तूला २० हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा), १८ आर्मर क्लास (वार लागण्यासाठी समोरच्याने गाठायचा आकडा) आणि वाराच्या वीस बाजूंच्या फाशात अधिक ८ मिळतात, तर नुकसान चार बाजूंचा फासा अधिक ४ असते. समोरच्याचा आर्मर क्लास १६ असेल, तर अशा दहा वस्तूंच्या एका फेरीत सरासरी ४२ च्या आसपास नुकसान होते. एकटी प्रचंड वस्तू ११ च्या थोडी पुढे जाते. अर्थात, जादू नसलेला मार ज्याला अर्धाच लागतो, त्या राक्षसापुढे ही फौज फिकी पडते.

हे आकडे आधीच कार्डावर लिहावेत. आपल्या पाळीत मिळणारी जादा छोटी कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन खर्चून ५०० फुटांच्या आतील सर्व वस्तूंना एकच हुकूम देता येतो. हुकूम नसेल तर त्या फक्त स्वतःचा बचाव करतात. वीस बाजूंचे दहा फासे एकदम टाकावेत, आठ किंवा त्याहून जास्त आलेले बाजूला काढावेत आणि तेवढेच चार बाजूंचे फासे उचलावेत. आर्मर क्लास १६ असताना हा हिशोब असा काही क्षणांत उरकतो.

मंत्र जास्तीत जास्त एक मिनिट, म्हणजे दहा फेऱ्या चालतो आणि त्याला कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे मंत्रावर टिकवलेली एकाग्रता, लागते. जादूगाराला मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा (शारीरिक सहनशक्तीचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकावा लागतो. त्यात गाठायचा आकडा १० किंवा नुकसानाच्या निम्मा, यांतला जो मोठा असेल तो. सेव्ह फसला, तर सगळ्या वस्तू त्याच क्षणी निर्जीव होतात, म्हणून हुकूम देऊन झाल्यावर जादूगाराने आडोशाला उभे राहावे.