व्यायाम आणि पेशीमृत्यूवरील शोधनिबंध कसा वाचावा

‘व्यायामामुळे स्नायूंमधील पेशीमृत्यू कमी होतो’ असे विधान शोधनिबंधाच्या सारांशात आढळले, की ते स्वीकारण्यापूर्वी नेमके काय मेले होते, हे तपासावे. स्नायूतंतू ही एकच लांबलचक पेशी असली तरी तिच्यात शेकडो केंद्रके असतात. केर, वायली आणि करी या संशोधकांनी १९७२ साली ‘ॲपॉप्टोसिस’ हा शब्द सबंध पेशीच्या नियोजनबद्ध मृत्यूसाठी वापरला. स्नायूतंतूतील एखादे केंद्रक नष्ट झाले, तर मात्र उरलेला तंतू जिवंतच राहू शकतो.

म्हणून मजकुराआधी सूक्ष्मदर्शकाखालील छायाचित्रे पाहावीत. टनेल चाचणीत तुटलेल्या डीएनएची टोके रंगवतात आणि अशी केंद्रके उजळ ठिपक्यांसारखी दिसतात. अडचण अशी, की स्नायूच्या आडव्या छेदात तंतूची बहुतेक केंद्रके अगदी काठाशी असतात आणि त्याच काठाला बाहेरून केशवाहिन्यांच्या पेशी व १९६१ मध्ये संशोधक मॉरो यांनी वर्णन केलेल्या सॅटेलाइट पेशी (स्नायूच्या दुरुस्तीसाठीच्या राखीव पेशी) चिकटलेल्या असतात. डिस्ट्रोफिन हे प्रथिन तंतूच्या पटलाच्या आतल्या बाजूस असल्याने, ते वेगळ्या रंगाने दाखवले असेल तर त्या कड्याच्या आतला ठिपका तंतूचा आणि बाहेरचा दुसऱ्या पेशीचा, असा निवाडा करता येतो. अशी सीमारेषा नसेल, तर ठिपक्यांच्या संख्येवरून स्नायूतंतूंविषयी निष्कर्ष काढू नये. माझ्या मते संपूर्ण निबंधात याहून महत्त्वाची तपासणी नाही.

त्यानंतर बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी स्नायूचा छोटा तुकडा, केव्हा घेतली, हे पद्धतीच्या विभागात शोधावे. शेवटच्या व्यायामानंतर काही तासांत घेतलेला तुकडा त्या एका सत्राचा ताण दाखवतो. नियमित व्यायामाचा परिणाम पाहायचा तर मधे पुरेशी विश्रांती हवी. सवय नसलेल्या माणसाला उतारावर धावायला लावले असेल, तर अधिकच सावध राहावे, कारण इजा झालेल्या स्नायूत पुढील काही दिवसांत दाहाच्या पेशी शिरतात आणि त्यांची केंद्रकेही मोजणीत येऊ शकतात.

प्रथिनांचे आकडेही एकेकटे वाचू नयेत. कॅस्पेस-३ हे पेशीमृत्यूत भाग घेणारे प्रथिन सक्रिय दिसले म्हणजे मृत्यूच, असे नाही. नव्या स्नायूपेशी परिपक्व होण्यासाठीही ते लागते. ऑटोफॅजीसाठी, म्हणजे पेशीने स्वतःचेच निकामी भाग मोडून काढण्याच्या क्रियेसाठी, मोजले जाणारे एलसी३-२ हे प्रथिन वाढले, तर पेशीतील साफसफाई वाढली असेल किंवा कचरा पुढे जाण्याची वाटच तुंबली असेल. हा फरक कळण्यासाठी ती वाट औषधाने मुद्दाम अडवून पुन्हा मोजलेले आकडे दिले आहेत का, ते पाहावे.

प्रयोग उंदरांवरचा असेल, तर निष्कर्ष उंदरांपुरताच ठेवावा.

शेवटी, ताकद मोजली आहे का, हे पाहावे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ९० वर्षांच्या १० दुर्बल व्यक्तींना ८ आठवडे वजनाचा व्यायाम दिला. तो पूर्ण करणाऱ्या ९ जणांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीच्या मध्यावरील स्नायूचे क्षेत्रफळ मात्र सुमारे ९ टक्क्यांनीच वाढले. ताकदीचा पुरावा म्हणून हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, परंतु पेशीमृत्यू कमी झाल्याचा पुरावा म्हणून कुणी त्याचा दाखला देत असेल, तर तो मान्य करू नये.