पेटी देवळाची, हात आपला

"फुकट मिळतं म्हणतोस, मग पैसे कसले?" आमच्या नाट्यमंडळाच्या खजिनदारांनी विचारलं आणि मी गप्पच झालो. फोंडा तालुक्यातला आमचा वाडा, जत्रेला मराठी नाटक ठरलेलं, आणि मंडळाची वेबसाइट वर्डप्रेस या फुकट सॉफ्टवेअरवर करून देतो म्हणून मीच पुढे झालेलो. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तेव्हा घरीच बसलो होतो. उत्तर सुचायला दोन दिवस लागले. "काका, देवळातल्या पेटीचं भाडं कोणी घेत नाही. पण ती वाजवणाऱ्या पेटीवाल्याला मानधन देताच ना?"

या कामात नव्याने येणाऱ्यांना मी हेच आधी सांगतो. वर्डप्रेस जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे. ते कोणीही घ्यावं, बदलावं, त्यावर काम करून पैसेही कमवावेत. गिऱ्हाईक पैसे देतं ते तुमच्या हाताला, आणि तो हात साइट उभी करण्यापेक्षा ती सांभाळण्यातच जास्त लागतो.

साइट बांधायला आणि चालवायला कोणती प्रणाली निवडावी यावर फार डोकं शिणवू नका. ड्रुपल 2001 सालचं, मोठ्या आणि गुंतागुंतीच्या साइटसाठी दमदार, पण शिकायला चढण आहे. जूमला 2005 मध्ये मॅम्बोपासून फुटून निघालं. त्याचं नाव स्वाहिली भाषेतलं, अर्थ 'सगळे मिळून'. आपल्या जुन्या हिशेबांतला 'एकूण जुमला' तोच, दोन्ही शब्द मूळ अरबी. वर्डप्रेस 2003 मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलं आणि आज जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात. गोव्यात छोटी कामं मिळवायची तर वर्डप्रेसच शिका. फक्त डॉट ऑर्ग आणि डॉट कॉम यांत गल्लत करू नका. पहिल्यावरून सॉफ्टवेअर उतरवून आपल्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेवर, बसवता येतं, दुसरी ही तयार सेवा आहे.

मी शिकलो ते लॅपटॉपवर झॅम्प बसवून. आपल्याच यंत्रावर साइट चालवू देणारं हे सॉफ्टवेअर. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि नेट दोन्ही रुसतात. साइट लॅपटॉपवरच असली तर नेटवाचून काम अडत नाही, आणि बिघडली तर जगाला दिसत नाही.

दुसरी गोष्ट मला कळायला चवथ यावी लागली. चतुर्थीच्या दोन दिवस आधी मी मंडळाच्या चालू साइटवर सगळे प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचे जादा भाग, एका दमात अपडेट केले. पान उघडलं तर पांढरंफटक. बॅकअप? होस्टिंगवाला घेत असेल, असा माझा समज! तो घेत नव्हता. घरात गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची गडबड, आई हाका मारतेय, आणि मी एफटीपीने, म्हणजे होस्टिंगवर थेट शिरून, फाइली चाळतोय. शेवटी प्लगिनच्या मुख्य फोल्डरचं नाव बदललं, सगळे प्लगिन आपोआप बंद पडले आणि साइट परत आली. मग नाव पूर्ववत करून एकेक चालू करत दोषी शोधला. आता वर्डप्रेस स्वतःच ईमेलने दुरुस्तीची लिंक पाठवतं, पण फोल्डरची ही युक्ती हाताशी असू द्या. त्या दिवसापासून डेटाबेस (साइटचा मजकूर त्यात असतो) आणि अपलोड फोल्डर (फोटो, फाइली) यांची प्रत दर आठवड्याला दुसरीकडे ठेवतो, आणि वर्षातून दोनदा ती लॅपटॉपवर उतरवून चालते का ते बघतो. न तपासलेल्या प्रतीवर मी आता विसंबत नाही.

मराठी साइटची दुखणी वेगळी, आणि इंग्रजी शिकवण्यांमध्ये ती सापडत नाहीत. पानाच्या पत्त्याचंच, म्हणजे त्याच्या लिंकचंच घ्या. शीर्षक देवनागरीत लिहिलं की वर्डप्रेस पत्ताही त्यावरूनच बनवतं. आतमध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात आणि डेटाबेसमध्ये जागा 200 चिन्हांची. म्हणजे 22 चिन्हांत खेळ आटोपला, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. 'नाट्यमहोत्सव' या एकाच शब्दात 12 गेली! आमच्या प्रत्येक सूचनेची सुरुवात मंडळाच्या लांबलचक नावाने व्हायची, त्यामुळे सगळे पत्ते एकाच ठिकाणी तुटून शेवटी नुसते दोन, तीन, चार असे आकडे लागलेले. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची ही भलीमोठी शेपटी. तेव्हा शीर्षक मराठीत, पत्ता मात्र छोटा आणि रोमन अक्षरांत, हाताने लिहिलेला.

जुन्या स्मरणिकांनी तर महिना खाल्ला. मजकूर श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला, चिकटवला की नुसती अगम्य चिन्हं. परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या आजच्या पद्धतीत, आणता येतो, पण रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकते. नटांची नावं तरी डोळ्यांनीच तपासा, कारण नाव चुकलं की गावात तोंड दाखवणं कठीण. साइट एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर नेताना दोन्हीकडच्या डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायची पद्धत यूटीएफ8एमबी4 आहे ना, तेही बघा. डेटाबेसमध्येच मराठीची प्रश्नचिन्हं झाली असतील तर तो मजकूर गेला, जुनी प्रत हाच उपाय.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, नेहमी मंडळाच्या किंवा मालकाच्या नावावर, त्यांच्या ईमेलवर नोंदवा. एका होमस्टेवाल्याचं डोमेन कुणा भाच्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं, भाचा परदेशी गेला, मुदत संपली, नाव गेलं. नूतनीकरणाचा दर पहिल्या वर्षापेक्षा बहुधा जास्त असतो, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगा, नाहीतर वर्षाने शिव्या तुम्हाला.

कामं कशी मिळतात? माझी पहिली चार तोंडोतोंडीच मिळाली. पर्यटन हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, त्यामुळे मालकांना साइट आठवते ती चवथ झाल्यावर, आणि तीही 'उद्या पाहिजे' म्हणून. जूनपासूनच विचारपूस सुरू करा. बांधणीचे पैसे वेगळे, देखभालीचे वार्षिक वेगळे, दोन्ही कागदावर. दाखवायला काम नसेल तर वर्डप्रेसच्या मराठी भाषांतरात हातभार लावा. ते स्वयंसेवकच करतात, आणि सॉफ्टवेअर आतून कसं आहे तेही त्यातून कळतं.

आणि लिहिणाऱ्या माणसाला शिकवा. मंडळाच्या सचिवांना मी प्रशासकाचे अधिकार न देता संपादकाचे दिले. डॅशबोर्ड, म्हणजे साइट चालवायचा आतला पडदा, मराठीत करून दिला, तीन संध्याकाळी शेजारी बसलो. यंदा जत्रेचा कार्यक्रम त्यांनी एकट्यानेच चढवला, पत्ताही छोटा, रोमन. फोटो मात्र मोबाइलमधून थेट, पाच-पाच एमबीचे. वर्डप्रेस मोठ्या फोटोची लहान प्रत बनवतं खरं, पण मूळ फाइलही जागा अडवून बसते. फोन केला तर म्हणाले, "अरे, राजाच्या भूमिकेतला फोटो आहे माझा, तो लहान कसा करू?"