बागेवर थोडेच पैसे घालायचे असतील तर आधी माती बघा

नवी रोपं आणायची घाई नको. माती कडक असेल तर महागडं रोपही महिनाभरात मान टाकतं.

खत घरीच करा. २० लिटरच्या जुन्या बादलीला तळाशी आणि कडेने पेन्सिलीएवढी १०-१२ भोकं पाडा. खाली सुक्या पाल्याचा चार बोटं थर, वर भाज्यांची सालं, पुन्हा पाला. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला हवा; नेमका इथेच बहुतेकांचा हात आखडतो. आठवड्यातून एकदा खालीवर करा. मूठभर घेऊन दाबून बघा: हाताला ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये. आंबूस वास आला म्हणजे ओल जास्त आणि हवा कमी, पाला वाढवा. मुंग्या झाल्या तर पाणी शिंपडा. अर्धवट कुजलेलं खत मातीत मिसळू नका. कुजताना ते मातीतला नत्र ओढून घेतं आणि पानं पिवळी पडतात.

वाफ्यावर ५ सेंमी पाल्याचं आच्छादन घाला, खोडापासून चार बोटं लांब. नाहीतर बुंधा कुजतो.

जास्वंद, मोगरा विकत कशाला? पेन्सिलीच्या जाडीची १५ सेंमी फांदी डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, खाली तिरकी कापा, खालची पानं काढा, दोन डोळे मातीत जातील अशी सावलीत खोचा. उलटी खोचलीत तर फुकट गेली. पालवी दिसली की उपटून बघायचा मोह आवरा: फांदीतल्या साठ्यावर पालवी आधी फुटते, मुळं मागाहून येतात.