स्किन स्कोअरला जाण्याआधी

स्क्लेरोडर्मा म्हणजे कातडी जाड आणि कडक होत जाणारा आजार. त्याच्या पेशंटला फॉलोअपला ‘आज स्किन स्कोअर करू’, म्हणजे कातडी किती जाड झाली ते मोजू, असं सांगितलं की अनेकांना वाटतं, आता रक्त काढणार किंवा मशीनखाली झोपवणार. तसलं काही नसतं. डॉक्टर दोन बोटांच्या चिमटीत तुमची कातडी उचलून बघतात आणि आकडा सांगतात. कातडी नेहमीसारखी असेल तर 0. जाडसर लागते पण घडी नीट पडते, तर 1. घडी मुश्किलीने येते आणि तिच्यावर बारीक सुरकुत्या दिसत नाहीत, तर 2. चिमटीत येतच नाही, तर 3. चेहरा, छाती, पोट ही तीन ठिकाणं, आणि दोन्ही बाजूंचे दंड, कोपराखालचा हात, पंजा, बोटं, मांडी, पोटरी, पाऊल ही चौदा. एकूण 17 जागा, म्हणजे जास्तीत जास्त 51. इथे मार्क कमी पडलेलेच बरे.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डॉ. जेराल्ड रॉडनन यांनी 1979 मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा 26 जागा होत्या आणि प्रत्येक जागेचा आकडा 4 पर्यंत जायचा. रुग्णांच्या हातावरच्या कातडीचे छोटे तुकडे काढून, त्यांचं वजन करून त्यांनी चिमटीचा अंदाज पडताळला होता. पुढे जागा कमी करून आजची पद्धत आली. चिमटी मात्र तशीच राहिली, आणि तयारी करायची ती तिच्यामुळेच. शिकलेल्या दोन डॉक्टरांनी एकाच पेशंटला एकाच दिवशी तपासलं तरी चार-पाच गुणांचा फरक सहज पडतो. तोच डॉक्टर पुन्हा तपासतो तेव्हा फरक साधारण निम्म्यावर येतो. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, मागच्या वेळी ज्यांनी स्कोअर केला तेच आहेत का. ते नसतील आणि तब्येत बरी असेल, तर आठवडाभर थांबून त्यांच्याकडे जाणं माझ्या मते फायद्याचं. मार्चमध्ये एकाने 22 लिहिले आणि जुलैमध्ये दुसऱ्याने 19, तर एवढ्यावरून पेढे वाटू नयेत.

फाइलमध्ये मागचा जागावार तक्ता हवा, नुसती बेरीज पुरत नाही. समजा दोन्ही बाजूंची बोटं 2, पंजे 2, कोपराखालचे हात 1, चेहरा 1 आणि बाकी सगळीकडे 0, तर बेरीज 11 होते. पण तेच 11 मांड्या, पोट आणि छाती मिळूनही होऊ शकतात, आणि तो आजार वेगळा वागतो. कोपर-गुडघ्यांच्या वर किंवा धडावर कातडी कडक झाली की त्याला डिफ्यूज म्हणतात आणि तिथे डॉक्टर जास्त सावध असतात. तक्ता मिळालेला नसेल तर मागून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. एका कागदावर आजाराची सुरुवातही लिहून न्या. थंडीत बोटं पांढरी-निळी पडायला लागली ते वर्ष वेगळं, आणि बोटं सुजून अंगठी निघेनाशी झाली तो महिना वेगळा. डॉक्टर आजाराचं वय बहुधा दुसऱ्यावरून मोजतात. डिफ्यूज प्रकारात पहिली काही वर्षं स्कोअर चढतो आणि पुढे बऱ्याच जणांची कातडी आपोआप मऊ व्हायला लागते, त्यामुळे पाचव्या वर्षी उतरलेल्या आकड्याचं सगळं श्रेय औषधाला देता येत नाही.

कपड्यांचा विचार आदल्या रात्री करा. दंड, पोट, मांडी सगळं तपासायचं असतं. घट्ट बाह्यांचा ब्लाउज किंवा आत घातलेलं थर्मल ताठरलेल्या कोपरांतून काढताना जीव जातो, आणि बाहेर रांग लागलेली असते. पुढून उघडणारा सैल कुर्ता आणि इलॅस्टिकची सलवार किंवा पायजमा सगळ्यात सोयीचा. छातीसुद्धा तपासतात हे बायकांना आधी कुणी सांगत नाही, मग ऐनवेळी संकोच होतो. पडदा ओढून घ्या म्हणायला आणि सोबत नर्स किंवा घरची बाई मागायला अजिबात लाजू नका. बांगड्या, घड्याळ, अंगठ्या घरीच काढून ठेवा. अंगठी अडकली असेल तर साबण लावून ओढत बसू नका. बोटाच्या ताणलेल्या कातडीला जखम झाली की भरायला महिने लागतात. सोनाराकडून कापून घ्या.

त्या दिवशी सकाळी तेल किंवा क्रीम लावू नका, चिमटीतून कातडी निसटते. तपासणी झाली की लगेच लावा, डबी पर्समध्येच ठेवा. लग्नसराईत मेंदी काढली असेल तर हातावरचे काळे-पांढरे ठिपके दिसत नाहीत. आपल्या सावळ्या कातडीवर या आजाराची ती मोठी खूण असते, आणि तिला कोड समजून वर्षं वाया घालवलेले लोक आहेत. नेलपॉलिश तर नकोच, कारण त्याच भेटीत नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या, म्हणजे केसाइतक्या बारीक रक्तवाहिन्याही बघतात. त्यासाठी खोलीत 15-20 मिनिटं स्वस्थ बसावं लागतं, म्हणून थोडं लवकर पोहोचा. वेटिंग रूममधला एसी नेमका आपल्याच डोक्यावर असतो. मोजे, हातमोजे, शाल आणि गरम पाण्याचा थर्मास मे महिन्यातही न्या.

तपासायला सुरुवात होण्याआधी काही गोष्टी आपणहून सांगायच्या. बोटाच्या टोकाला जखम असेल, कातडीखाली चुन्यासारख्या पांढऱ्या गाठी असतील, तर तिथे चिमटा लावू नका म्हणा. भाजल्याचे किंवा ऑपरेशनचे जुने व्रण दाखवा. पावलांवर सूज असेल तर अ‍ॅम्लोडिपिन किंवा निफेडिपिन (ब्लडप्रेशरसाठी किंवा थंडीत बोटं पांढरी पडतात त्यासाठी देतात त्या गोळ्या) चालू आहे का ते सांगा, कारण त्या गोळ्यांनीही घोट्याला सूज येते आणि पोटरी-पावलाचा आकडा फसतो. मान आणि पाठ या 17 जागांत नाहीत. तिथे ताण जाणवत असेल तर तोंडाने सांगितल्याशिवाय तो कागदावर येणार नाही. आजार जुना असेल तर कातडी पातळ होऊन आतल्या थराला चिकटलेली असते. ती उचलली जात नाही, पण जाड नसते, आणि मोजायची असते ती जाडी. जाणकार डॉक्टर हे ओळखतात, तरी किती वर्षं झाली ते तुम्ही सांगितलंत तर बरं. चिमट्याने दुखत असेल तर तसं म्हणा, ही सहनशक्तीची परीक्षा नाही.

गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या. तपासणी आहे म्हणून मायकोफेनोलेट किंवा मेथोट्रेक्सेट ही या आजाराची औषधं चुकवायची नाहीत. स्टेरॉइड कुणी दिलं असेल, अगदी गावातल्या डॉक्टरने सांधेदुखीसाठी दिलेलं असलं तरी, नाव आणि मिलिग्रॅमसकट सांगा. नव्या डिफ्यूज आजारात जास्त डोसच्या स्टेरॉइडने किडनीला अचानक धोका होऊ शकतो. किडनीचा हा धोका बहुधा अचानक चढलेल्या ब्लडप्रेशरवरून कळतो, म्हणून घरच्या ब्लडप्रेशरची वही सोबत हवी. वरचा आकडा तुमच्या नेहमीच्यापेक्षा 30 ने किंवा खालचा 20 ने चढलेला दिसला आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजून तसाच आला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

स्कोअरमध्ये न येणाऱ्या दोन-तीन गोष्टी घरीच बघून लिहून न्याव्यात. नमस्कार करताना तळवे पूर्ण मिळतात की मध्ये फट राहते. मूठ वळली की बोटांची टोकं तळव्याला लागतात का. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात का. वडापाव आता तुकडे करून खावा लागत असेल तर तेही सांगण्यासारखंच आहे. नमस्काराचा फोटो दर वेळी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात काढा.

निघताना जागावार तक्त्याची प्रत घ्या आणि तपासणाऱ्याचं नाव त्यावर लिहून घ्या. फुफ्फुसाची फुंकण्याची तपासणी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) शेवटचं कधी झालं तेही विचारा. कातडी मऊ पडली म्हणून ते पुढे ढकलायचं नसतं. आजार नवा असेल तर पुढची तारीख तीन महिन्यांनी मिळते का बघा, आणि ती त्याच डॉक्टरांच्या ओपीडीच्या वारी घ्या.