अ‍ॅडाप्टरवर जुनी लेन्स लावल्यावर व्हिडिओ लुकलुकतो? आधी दोष कुणाचा ते शोधा

कोल्हापुरात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या बऱ्याच जणांनी डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) सोडून मिररलेस (बिनआरशाची) बॉडी घेतली, पण कॅननच्या डीएसएलआरला बसणाऱ्या ईएफ लेन्स जवळच ठेवल्या. ते शहाणपणाचंच आहे. चांगल्या काचेला वय नसतं, आणि जुनी लेन्स नव्या बॉडीला बसवणारा अ‍ॅडाप्टर नव्या लेन्सपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. मूकपटांचे दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा घडवला, तेव्हा एकाचा भाग दुसऱ्याला बसवून काम करायची रीत इथे जुनीच आहे. अडचण येते ती व्हिडिओत. फोटो झकास निघतात, पण रेकॉर्डिंग लावलं की चित्र लुकलुकायला लागतं. मग लगेच अ‍ॅडाप्टरवर संशय जातो आणि दुसरा मागवला जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, पैसे घालवण्याआधी खालच्या पायऱ्या क्रमाने करून बघा.

पायरी १. क्लिप मोठ्या स्क्रीनवर घ्या आणि एकेक फ्रेम पुढे सरकवा. आडवे काळपट पट्टे वरखाली सरकताना दिसले तर दोष दिव्यांचा आहे. पूर्ण फ्रेम मधूनच एकदम उजळते किंवा मंदावते आणि त्याला ठरलेला ताल नाही, असं असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं, पात्यांनी लहानमोठं होणारं उजेडाचं भोक) तरी हलतंय किंवा कॅमेऱ्याचं आपोआप उजेड ठरवणारं ऑटो तरी. नक्की कळत नसेल तर तीच लेन्स-अ‍ॅडाप्टरची जोडी उन्हात न्या. शाहू स्टेडियमवर दुपारचा फुटबॉल सामना असेल तर उत्तम, नाहीतर घरची गच्ची आहेच. उन्हात लुकलुक थांबली तर अ‍ॅडाप्टर निर्दोष आहे, त्याला पुन्हा हात लावू नका.

पायरी २. दिव्यांचा दोष असेल तर शटर (एक फ्रेम किती वेळ उजेड घेते तो आकडा, १/५० म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग) सुधारा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की प्रत्येक फ्रेमला या चढउताराची पूर्ण आवर्तनं मिळतात आणि पट्टे जातात. कॅमेऱ्याच्या मेनूत व्हिडिओची पद्धत एनटीएससी (६० हर्ट्झच्या विजेसाठीची) असेल तर पाल (५० हर्ट्झसाठीची) करा आणि सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम निवडा. एनटीएससीवर ३० फ्रेम आणि १/६० शटर ठेवून तालमीतल्या ट्यूबलाइटखाली कुस्तीचा सराव टिपलात, तर पट्टे येणारच. स्लो मोशनलाही हाच नियम. १२० फ्रेमला शटर १/१०० पर्यंत खाली येत नाही, म्हणून अशा उजेडात १०० फ्रेमच घ्या.

गुजरीतल्या सराफी दुकानांत एलईडीची गर्दी असते. त्यातल्या काही दिव्यांचा वेग वेगळाच असतो आणि १/५० लाही ते दाद देत नाहीत. कॅमेऱ्यात शटर बारीक फरकाने बदलायची सोय असेल तर स्क्रीनवर नजर ठेवून पट्टे पुसट होईपर्यंत ते सरकवा. नसेल तर डिमर असलेला दिवा पूर्ण उजेडावर करायला सांगा, पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. मंडळाच्या मांडवात वीज जनरेटरवर असेल तर लोड बदलला की तिची वारंवारताही थोडी हलते. तिथे आधी चाचणी क्लिप घ्याच.

पायरी ३. उन्हातही लुकलुक राहिली तर सगळं ऑटो बंद करा. मोड मॅन्युअल, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ठरावीक, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ठरावीक. सावल्या आपोआप उजळणारी सोय असेल तर तीही बंद. इथेच बहुतेकांचं काम होतं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फोटोसाठी बनलेल्या लेन्सचं अ‍ॅपर्चर टप्प्याटप्प्याने उघडतं-मिटतं. फोटोत त्याने काही बिघडत नाही. व्हिडिओत मात्र ढग सरकला किंवा नवरदेव मांडवातून उन्हात आला, की कॅमेरा अ‍ॅडाप्टरमार्फत लेन्सला हुकूम सोडत राहतो आणि पाती जिन्याच्या पायऱ्या उतरावीत तशी धक्क्याने सरकतात. तो प्रत्येक धक्का चित्रात दिसतो.

एफ/३.५-५.६ सारखी, म्हणजे झूम करताना सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर एफ/३.५ वरून एफ/५.६ पर्यंत लहान होणारी लेन्स असेल तर अ‍ॅपर्चर एफ/५.६ वर ठेवा. मग झूम करताना उजेड बदलणार नाही.

पायरी ४. पाती प्रत्यक्ष बघा. अ‍ॅपर्चर एफ/८ वर ठेवून रेकॉर्डिंग सुरू करा आणि समोरून लेन्समध्ये डोकवा. सगळं मॅन्युअल असूनही पाती थरथरत असतील तर कॅमेरा आणि लेन्स यांचं बोलणं मध्येच तुटतंय. कॅमेरा बंद करून लेन्स आणि अ‍ॅडाप्टर काढा. सोनेरी पिना आधी कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा. डाग राहिले तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब घ्या आणि पूर्ण वाळल्यावरच जोडणी करा. आपल्या पावसाळ्यातल्या दमटपणात पिनांवर थर धरतो, म्हणून जून ते सप्टेंबर हे काम अधूनमधून करावंच. मग लेन्स धरून हलकेच हलवा. खुळखुळ जाणवली तर अ‍ॅडाप्टरचे बारीक स्क्रू आवळा. अ‍ॅडाप्टर बनवणाऱ्याने नवं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) दिलं असेल तर तेही टाका. एवढं करूनही पाती थरथरली, तर मात्र अ‍ॅडाप्टर बदलायला हरकत नाही.

पायरी ५. शूट उद्यावर आलंय आणि दोष हटत नाही, तर एक जुनी युक्ती आहे. ईएफ लेन्स कॅनन डीएसएलआरला लावा, हवं ते अ‍ॅपर्चर ठेवा, डेप्थ ऑफ फील्डचं बटण (ठेवलेल्या अ‍ॅपर्चरवर पाती मिटवून दाखवणारं) दाबून धरा आणि तसंच धरून लेन्स काढा. पाती त्याच जागी राहतात. आता ती बिनपिनांच्या साध्या अ‍ॅडाप्टरवर चढवा आणि कॅमेऱ्यात लेन्सशिवाय शटर चालवण्याची परवानगी सुरू करा. ऑटोफोकस आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन जाईल, हे धरून चाला. नावात एसटीएम (स्टेपर मोटर) असलेल्या लेन्सवर ही युक्ती करू नका, कारण त्यांची फोकस रिंगही विजेवर चालते.

जुन्या एम४२ (आट्यांनी फिरवून बसणाऱ्या) लेन्सच्या बाबतीत काम सोपं आहे. ऑटो-मॅन्युअल खटका असेल तर तो मॅन्युअलवर ठेवा, म्हणजे मागची पिन अर्धवट दाबली गेली तरी पाती हलत नाहीत. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर मेनूत लेन्सची फोकल लेंथ (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा) हाताने भरा. चुकीच्या आकड्यामुळे चित्र थरथरतं आणि पुष्कळ जण त्यालाच लुकलुक समजतात.

आधीच शूट झालेल्या क्लिपसाठी दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या पैसे भरून मिळणाऱ्या स्टुडिओ आवृत्तीत डीफ्लिकर (लुकलुक काढणारं साधन) आहे. तालात येणारी लुकलुक त्याने बरीच निवते, अ‍ॅपर्चरचे धक्के मात्र कीफ्रेम (उजेड कुठे बदलायचा त्या खुणा) लावून हातानेच सावरावे लागतात.