स्क्रीनिंग मोहिमेचे यश मोजताना या चुका टाळा

कर्करोग तपासणी मोहिमेचा अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर आधी ‘निदानानंतर पाच वर्षे जगलेले रुग्ण’ या रकान्यावर जाते, आणि पहिली चूक तिथेच होते. समजा, एका बाईंना ५७ व्या वर्षी गाठ हाताला लागली, निदान झाले आणि ६० व्या वर्षी त्या गेल्या. म्हणजे नोंद तीन वर्षांची. त्यांचीच तपासणी ५३ व्या वर्षी होऊन आजार सापडला असता आणि उपचारांचा काहीही उपयोग न होता त्या ६० व्या वर्षीच गेल्या असत्या, तरी कागदावर सात वर्षे लागली असती. आयुष्य एका दिवसानेही वाढले नसते, फक्त निदानाची तारीख आधी आली असती. म्हणून शिबिरात सापडलेल्या आणि लक्षणे दिसल्यावर आलेल्या रुग्णांच्या जगण्याची टक्केवारी शेजारी शेजारी मांडू नये.

ही टक्केवारी आणखी एका कारणाने फुगते. संथ वाढणारी गाठ वर्षानुवर्षे शरीरात असते, म्हणून ती तपासणीत सापडते. झपाट्याने वाढणारी मात्र दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच डोके वर काढते. काही गाठींनी तर जन्मभर त्रासच दिला नसता. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली, तेव्हा २०११ मध्ये या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या सुमारे १५ पट झाले होते, मृत्युदर मात्र जवळपास होता तिथेच राहिला. ज्यांच्या वाट्याला गळ्याची शस्त्रक्रिया आणि रोजची गोळी विनाकारण आली, त्यांनाच आपण ‘वाचलेले’ म्हणून मोजतो, हे मला सर्वांत गंभीर वाटते.

तिसरी चूक सहज नजरेतून सुटते. स्वतःहून तपासणीला येणाऱ्या स्त्रिया अनेकदा मुळातच प्रकृतीची अधिक काळजी घेणाऱ्या असतात, त्यामुळे त्यांची तुलना न आलेल्यांशी करणे योग्य नाही. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गावांचे ५२ समूह चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत वाटले होते. एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू, शोधणाऱ्या चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणींचा, तर नेहमीचीच आरोग्यसेवा मिळालेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४ जणींचा या कर्करोगाने मृत्यू झाला. बोलावूनही चाचणीला न आलेल्या स्त्रियाही त्या ३४,१२६ मध्येच धरल्या होत्या. आपल्या मोहिमेच्या नोंदवहीत ‘बोलावले, पण आल्या नाहीत’ हा रकाना नसेल, तर तो पहिल्या दिवसापासूनच आखून घ्यावा. ती नावे नंतर गोळा करता येत नाहीत.