उसाच्या ट्रॅक्टरसाठी मोबाइल चार्जर : सुरुवात बॅटरीकडून

गेल्या हंगामात दादाच्या ट्रॅक्टरवरच्या तयार चार्जरनं फोन जाळला. रात्री दीडचा सुमार, कारखान्याच्या यार्डात गाड्यांची रांग पुढं सरकली म्हणून त्यानं ट्रॅक्टर चालू करून थोडा पुढं घेतला. चाक खड्ड्यात गेलं, बॅटरीचं ढिलं टर्मिनल निसटलं, दिवे एकदम लख्ख झाले आणि गेले. सकाळी दारात उभा राहून म्हणाला, "ताई, फोन गरम लागतोय, पण चालू होईना." टोळीचा मुकादम, वजनकाट्यावरचा माणूस, घर, सगळे त्या एका फोनवर. मी चार्जर उघडला. इनपुटचा कपॅसिटर वरून फुगलेला, आयसीच्या पाठीला टाचणीच्या टोकाएवढं भोक. फ्यूज आत कुठंच नव्हता.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय आणि तालुक्याच्या गावी दुरुस्तीचं दुकान चालवते. त्या आठवड्यात दादासाठी चार्जर बनवला, मग त्याच्या ओळखीच्या ड्रायव्हरांसाठी. ज्याला सोल्डरिंग येतं आणि मीटर धरता येतो त्याला हे जमेल. एक मात्र मनाशी पक्कं धरा : फोनला पाच व्होल्ट देणं सोपं आहे. गाडीकडून येणारी वीज सांभाळणं हेच खरं डिझाइन आहे.

पहिल्यांदा आपल्याच ट्रॅक्टरच्या बॅटरीला मीटर लावून बघा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारला की आकडा धाडकन ९ पर्यंत उतरतो, थंडीच्या पहाटे त्याच्याही खाली. इंजिन चालू झालं की १४ च्या वर जातो. इथवरचं मीटरला दिसतं. न दिसणारा धोका तो, जो दादाच्या फोनवर आला : अल्टरनेटर बॅटरी भरत असताना टर्मिनल सुटलं तर तो प्रवाह जायला जागा उरत नाही आणि व्होल्टेज उसळतं. गाड्यांच्या विजेसाठी आयएसओ १६७५०-२ हे मानक आहे. १२ व्होल्टच्या गाडीत अल्टरनेटरला आतून संरक्षण नसेल, तर चाचणीसाठी त्यात ७९ ते १०१ व्होल्टचा झटका धरलाय, आणि तो ४०० मिलिसेकंदांपर्यंत टिकू शकतो. आपल्याला वाटतं १२ व्होल्टची गाडी. चार्जरला सोसायचं असतं ते हे.

म्हणून वायर बॅटरीपासून निघाली की वीतभराच्या आत फ्यूज. २ अँपियरचा पुरतो. हिशेब असा : फोनला ५.१ व्होल्टवर २ अँपियर म्हणजे साधारण १० वॅट. चार्जरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीकडून पावणेतेरा वॅट, म्हणजे उतरलेल्या ११ व्होल्टवरही सव्वा अँपियरच्या आत. फ्यूज चार्जरच्या डब्यात लावू नका. मधली वायर बॉनेटच्या पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तो फ्यूज काही कामाचा नाही, आणि ट्रॅक्टरवर वायर घासतेच.

फ्यूजनंतर टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचे झटके गिळणारा), प्लस आणि अर्थिंगच्या, म्हणजे मायनसच्या, मध्ये. मी १.५केई२७ए वापरते. २३ व्होल्टपर्यंत तो गप्प असतो, झटका आला की स्वतः वाहू लागतो आणि पुढच्या सर्किटला ३७.५ व्होल्टच्या वर काही बघू देत नाही. लांब आणि मोठा झटका असेल तर तो स्वतः शॉर्ट होऊन मरतो, फ्यूज उडतो आणि फोन वाचतो. हा सौदा मला मान्य आहे. कुणी घाईत वायरी उलट्या जोडल्या तरी हाच डायोड सरळ वाहतो आणि फ्यूज घालवतो. त्याच्या पुढं प्लसच्या वाटेत ५ अँपियर, ६० व्होल्टची एक शॉटकी (कमी व्होल्ट खाणारा डायोड) बसवा, म्हणजे फ्यूज उडेपर्यंतच्या क्षणातही उलटा करंट आत शिरत नाही. तिच्यात अर्धा व्होल्ट जातो, तो जाऊ द्या.

आता पाच व्होल्ट. ७८०५ हा साधा रेग्युलेटर लावू नका, तो जादा व्होल्ट उष्णतेत घालवतो. १४.२ व्होल्टवर १ अँपियर घेतला तर ९.२ वॅट नुसती उष्णता होते आणि फोनला मिळतात ५ वॅट. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डखाली त्याला हीटसिंक तरी केवढी देणार? स्विचिंग रेग्युलेटरच घ्या, म्हणजे भराभर चालू-बंद होत व्होल्टेज उतरवणारा. मी एलएम२५९६ चा अ‍ॅडजस्टेबल आयसी घेते : ३ अँपियर, १५० किलोहर्ट्झ, ४० व्होल्टपर्यंत इनपुट. टीव्हीएस ३७.५ ला थांबवतो, आयसी ४० सोसतो, म्हणून ही जोडी जमते. इनपुटचा कपॅसिटर ५० व्होल्टचाच हवा, ३५ चा नको. कॉइल ३३ मायक्रोहेन्रीची, ४ अँपियरपर्यंत सॅच्युरेट न होणारी. आयसीच्या आउटपुट पाय आणि मायनसच्या मध्ये आणखी एक शॉटकी, ५ अँपियर ६० व्होल्टचीच. आउटपुट कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरड, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला), १०५ अंशांचा. ८५ अंशांचे कपॅसिटर मी ट्रॅक्टरला लावत नाही, एप्रिल-मेमध्ये ते लवकर सुकतात.

बाजारात याच आयसीचं निळं मॉड्यूल स्वस्तात मिळतं. त्यावर एक छोटा पितळी स्क्रू असतो, तो फिरवून व्होल्टेज लावायचं. टेबलावर ते छान चालतं, पण ट्रॅक्टरवर त्या स्क्रूची मला भीती वाटते. आयसीचा फीडबॅक पाय १.२३ व्होल्टवर ठेवला जातो आणि आउटपुट दोन रेझिस्टरांच्या प्रमाणावर ठरतं. त्यातला वरचा रेझिस्टर म्हणजे तो स्क्रूनं फिरणारा प्रीसेट. हादऱ्यांनी त्याच्या आतला काटा क्षणभर उचलला गेला की फीडबॅकला शून्य दिसतं, आयसीला वाटतं आउटपुट पडलं, आणि तो बॅटरीचे सगळे १४ व्होल्ट फोनकडं ढकलतो. म्हणून प्रीसेट काढा आणि पक्के रेझिस्टर लावा : खाली १ किलोओहम, वर ३ किलोओहम आणि १५० ओहम सिरीजमध्ये, एक टक्क्याचे. १.२३ गुणिले ४.१५ म्हणजे ५.१ व्होल्ट. पाचऐवजी ५.१ एवढ्याचसाठी की केबलमध्ये थोडं पडतं.

एवढं करूनही आयसी आतून शॉर्ट होऊ शकतो. त्यासाठी शेवटचा पहारेकरी म्हणून आउटपुटला एससीआर लावा, म्हणजे गेटला इशारा मिळाला की वाहू लागणारा स्विच. टीवायएन६१२ चा अ‍ॅनोड प्लसला, कॅथोड मायनसला. प्लसपासून गेटपर्यंत ५.६ व्होल्टचा झेनर (त्या व्होल्टेजच्या वर वाहू लागणारा डायोड), गेटपासून मायनसला १०० ओहम आणि त्याच्या शेजारी ०.१ मायक्रोफॅरड. आउटपुट सव्वासहाच्या आसपास गेलं की एससीआर आउटपुटच शॉर्ट करतो. आयसी मेला असेल तर मागचा फ्यूज उडतो. नुसता फीडबॅक तुटला असेल तर आयसी आपला करंट मर्यादेत ठेवतो, पण आउटपुट व्होल्टभरावरच दाबलेलं राहतं. दोन्हीकडं फोन सुरक्षित. हा भाग कुणी वगळला की मला वाईट वाटतं, कारण सगळ्या चार्जरच्या मानानं त्याचा खर्च किरकोळ आहे.

सॉकेट साधं यूएसबी-ए घ्या आणि त्यातले डेटाचे दोन पाय एकमेकांना जोडून टाका. त्यावरून फोनला कळतं की समोर कॉम्प्युटर नसून चार्जर आहे, आणि तो दीड अँपियरपर्यंत घेऊ लागतो. टाइप-सी सॉकेटला नियम वेगळे : सीसी नावाच्या दोन्ही पायांना प्रत्येकी स्वतंत्र रेझिस्टर, आणि फोन जोडल्याशिवाय पाच व्होल्ट बाहेर यायचे नाहीत. त्याला वेगळा कंट्रोलर आयसी लागतो. पहिल्या चार्जरला त्या वाटेला जाऊ नका. आणि केबल आखूड, जाड घ्या. केसासारख्या तारांची मीटरभर केबल २ अँपियरला पाऊण व्होल्टसुद्धा खाते, मग ड्रायव्हर म्हणतो चार्जर मंद आहे.

झिरो बोर्डवर (भोकांच्या तयार बोर्डवर) मांडणी करताना इनपुट कपॅसिटर, आयसी आणि त्याची शॉटकी अगदी खेटून, पाय आखूड. फीडबॅकची वायर कॉइलपासून लांब. हे विसरलात तर रेडिओ सांगेल. दादा सांगली आकाशवाणी लावतो, १२५१ किलोहर्ट्झवर. आयसीचा त्रास त्याच्या १५० किलोहर्ट्झच्या पटींवरही पोचतो : आठवी पट १२००, आणि आयसीची वारंवारता थोडी इकडंतिकडं असतेच. पहिल्या चार्जरनं बातम्यांवर अशी शिट्टी चढवली की त्यानं तो बंदच केला. मग शॉटकी आणि इनपुट कपॅसिटर यांच्या मध्ये १० मायक्रोहेन्रीचा चोक घातला, बोर्ड पत्र्याच्या डबीत बसवून डबी अर्थ केली, तेव्हा शिट्टी गेली.

बॅटरी उतरायची भीती सगळे बोलून दाखवतात. ५००० एमएएचचा फोन रिकामा ते पूर्ण भरायला १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वादोन अँपियर-अवर लागतात. ५५ वॅटचे दोन हेडलाइट तासाला नऊ खातात. म्हणजे गव्हाणीची (कारखान्यात ऊस टाकायच्या जागेची) वाट बघताना रात्रभर फोन लावला तरी बिघडत नाही. बिघडतं ते हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर महिनाभर उभा असताना, आयसीचे ५ ते १० मिलिअँपियर रोज गळत राहिले तर. त्यासाठी फ्यूजनंतर साधा स्विच, आणि चालू आहे हे दाखवायला एलईडी.

फोन लावायच्या आधी आउटपुटला २.२ ओहम, २५ वॅटचा रेझिस्टर जोडून अर्धा तास चालवा. तो चटका बसेल इतका तापतो, फरशीवर ठेवा. इनपुट ९ पासून २४ व्होल्टपर्यंत फिरवा, आउटपुट ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर जाता कामा नये. मग मुद्दाम वायरी उलट्या करून फ्यूज उडवून बघा. तो उडाला नाही तर चार्जर कुणाला देऊ नका.

बसवताना कॉइल आणि कपॅसिटर सिलिकॉननं बोर्डाला चिकटवा. वायर १ स्क्वेअर एमएमची, टोकांना थिंबल दाबून, बोल्टला स्प्रिंग वॉशर. त्याच वेळी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं घासून, पाना लावून आवळा. दादाच्या ट्रॅक्टरवर मी फ्यूज होल्डरला कागदी पट्टी चिकटवली आहे, "२ अँपियर, मोठा नको", आणि वर पारदर्शक टेप. एक सुटा फ्यूज त्याच टेपखाली ठेवलाय.